बिनमोलाचा दगड

विहीर खणताना मापेंदोच्या कुदळीला काळा, जड दगड लागला आणि काँगोतलं ते अख्खं गाव धास्तावून विहिरीभोवती जमलं.

पलीकडच्या गावात असाच दगड निघाला होता. मोबाइलसाठी लागणारं कोल्टन हे महागडं खनिज होतं ते. आठवड्याभरात दोन बंदूकधारी टोळ्या गावाच्या रक्षणाला धावून आल्या. गाव आता निर्वासितांच्या तंबूत सुरक्षित आहे.

खाणीत हयात घालवलेल्या काबुयाबाबांनी दगड हातावर तोलला, सुरीनं खरवडला.

"लवकर सांगा, बाबा. पोरांना घेऊन पळू का?" मापेंदोनं विचारलं.

"साधा दगड आहे, पोरी. फुकट दिलास तरी कोणी नेणार नाही."

"म्हणजे आपण गरीबच!" तिची सासू आनंदानं ओरडली.

त्याच दुपारी मापेंदोनं अंगणात आंब्याची कोय लावली. फळ धरायला सहा वर्षं लागतात.