व्हॉल्व्ह तापेपर्यंत

“सातवर काय ऐकवतोयस? दहावर ने,” सत्यजीत म्हणाला. सुदर्शननं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तार छेडली.

पत्र्याची शेड दणाणली. खिळ्याला अडकवलेला विळा थरथरला. बाहेर झेंडूची क्रेट भरणाऱ्या बायकांनी माना वळवून पाहिलं. आवाज मोठा होता, स्वच्छ होता. पण हा तो आवाज नव्हता.

तो आवाज सत्यजीतनं मागच्या महिन्यात फोनवर ऐकला होता. सुदर्शननं पाठवलेली छोटीशी क्लिप. सूर भरलेला, कडेला जरासा फाटलेला, करकरणारा आणि तरी गोड. दौंडच्या सत्यजीतच्या बँडला नवा गिटारवाला हवा होता. ती क्लिप ऐकल्यावर त्याची झोपच उडाली. आज तो थेट सुदर्शनच्या गावी, कवठे येमाईला येऊन थडकला होता. कारेगावच्या कंपनीत शिफ्ट करून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या सुदर्शनला, स्वतःची गाणी बसवणाऱ्या बँडनं पहिल्यांदाच विचारलं होतं. त्याला घ्यायचं की नाही, ते आज या शेडमध्ये ठरणार होतं.

सत्यजीतबरोबर बँडमधला इंद्रजीत आला होता. दौंड सोडल्यापासून दोघांचं भांडण चालू होतं. व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर पूर्ण मोकळा सोडल्याशिवाय बोलतच नाही, काचेच्या त्या नळ्या घामाघूम झाल्या पाहिजेत, हे सत्यजीतचं म्हणणं. पायानं दाबायच्या हातभर डिजिटल पेडलमध्ये असल्या पन्नास अँपचे आवाज मावतात, शेजाऱ्यांच्या शिव्या न खाता, हे इंद्रजीतचं. वाटेत चहाला थांबले तिथंही दोघं एवढ्या तावातावानं बोलले, की हॉटेलवाल्यानं घरची वाटणी चाललीय का विचारलं.

शेडमधला व्हॉल्व्हचा अँप होता सुदर्शनच्या आजोबांचा, तात्याबांचा. तात्याबा पंचक्रोशीतल्या लग्नांना लाउडस्पीकर पुरवायचे. त्यांच्या मागं भोंगे भंगारात गेले. अँप आणि स्पीकरचा लाकडी बॉक्स तेवढा राहिला. आवाज माणसांच्या डोक्यावरून लांब जावा म्हणून तात्याबा बॉक्सच्या पुढच्या कडेखाली वीट सारायचे. सुदर्शननंही तो तसाच, मागं कलता ठेवला होता.

पाहुणे यायचे म्हणून त्यानं सकाळी सगळं चकचकीत केलं होतं. नळ्या मऊ फडक्यानं पुसल्या. बॉक्सचं पुढचं कापड सोडवून आत साठलेला केरकचरा अंगणात झटकला, तशा कोंबड्या धावत आल्या आणि त्याच्यावर तुटून पडल्या. कापडाला उंदरानं पाडलेलं भोक होतं. दुसरं कापड नव्हतं म्हणून तेच पुन्हा ताणून बसवलं.

आता त्यानं गिटार पुन्हा सावरली. त्यानं क्लिपमधलाच तुकडा वाजवला. पुन्हा वाजवला. सरळ, गुळगुळीत सूर निघाले. ऑर्केस्ट्रात निघायचे तसलेच.

“व्होल्टेज कमी असंल,” सत्यजीत म्हणाला. “आन् नळ्या अजून तापल्या न्हाईत.”

इंद्रजीतनं पेडलच्या पिशवीची चेन उघडली. “दादा, क्लिपवर काय, मोबाइलच्या माइकमध्ये आवाज फाटला असंल. तुम्ही त्याच्यावर भाळलात.”

सुदर्शननं तारा पुन्हा सुरात लावल्या. क्लिपमधला आवाज खरा होता. वर्षानुवर्षं याच शेडमध्ये त्यानं तो कानांनी ऐकला होता. सकाळी पुसताना आपण काहीतरी मोडलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. सत्यजीतनं घड्याळाकडं पाहिलं आणि गाडीची किल्ली खिशातून काढली.

तेवढ्यात सुदर्शनची आई, रंगुबाई, चहा घेऊन आली. एका हातात कपांचं ताट, दुसऱ्या हातात पूजेची थाळी. दसऱ्याला ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार आणि शिलाई मशीन यांच्या ओळीत सासऱ्यांच्या अँपचीही ती पूजा करायची. आज तर दौंडहून माणसं तो ऐकायला आली होती. चहाचे कप पाहुण्यांच्या हातात देऊन तिनं अँपला हळदकुंकू लावलं, बॉक्सला बोटं टेकवली आणि मूठभर अक्षता त्याच्या पुढच्या कापडावर टाकल्या.

“मामांचं नाव राख रं बाबा,” ती बॉक्सला म्हणाली.

आईसमोर रडवेलं तोंड दिसू नये म्हणून सुदर्शननं मान खाली घातली आणि एक शेवटची तार ओढली.

बॉक्स गरजला. सूर कडेनं फाटला, करकरला, भरून आला आणि शेडभर पसरला. बाहेर कोणाच्या तरी हातातलं क्रेट खाली आपटलं. इंद्रजीतनं पिशवीची चेन हळूच लावून टाकली.

“तापल्या नळ्या,” सत्यजीत ओरडला. चहा त्याच्या शर्टावर सांडला होता आणि त्याला पत्ता नव्हता. “वाजव, थांबू नकोस.”

सुदर्शन वाजवत राहिला. वाजवता वाजवता त्याची नजर कापडाच्या भोकाकडं गेली. आत स्पीकरच्या कागदी पडद्यावर कुंकवानं लाल झालेले तांदूळ नाचत होते. सूर चढला की ते उसळायचे, पडद्यावर थडथडायचे. त्यानं आवाज सातवर आणला. तांदूळ बसले, सूर गुळगुळीत झाला. पुन्हा दहावर नेला. तांदूळ उठले. सकाळी कोंबड्या कशावर तुटून पडल्या होत्या, ते त्याला तेव्हा कळलं. हसू दाबताना त्याचा एक सूर चुकला.

सत्यजीतनं त्याला मिठीच मारली. रविवारी दौंडला रेकॉर्डिंग आहे, म्हणाला, गाडी पाठवतो. अँप गोधडीत गुंडाळून आण, नळ्या जपून आण, आणखी काही लागणार असेल तर आत्ताच सांग.

सुदर्शननं रिकामे कप गोळा करणाऱ्या रंगुबाईकडं पाहिलं.

“गाडीत एक सीट जास्तीची ठेवा, दादा,” तो म्हणाला. “संगं आईला आणावं लागंल.”