मंगळवारचे दादा

भेटी आल्या, पण माणसं आलीच नाहीत.

धाकटीनं एक्सेलची फाईल पुन्हा कॅलेंडरमध्ये चढवली आणि पुन्हा तेच झालं. आठवड्याचे सगळे चौकोन व्यवस्थित भरले. 'बाबांजवळ बसणे', 'बाबांचे व्यायाम', 'बाबांची दाढी'. कोण येणार, ती जागा मात्र कोरी. ऑफिसात मोठमोठ्या साहेबांच्या मीटिंगा चुटकीसरशी लावणाऱ्या या मुलीच्या घरच्या चार माणसांची वेळ लावताना नाकी नऊ आले होते.

"नावं तर मी सगळी सांगितली होती," आई म्हणाली. ती शेजारी बसून बाबांच्या धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालत होती.

"नुसती नावं त्याला कळत नाहीत, आई. ईमेलचे पत्ते लागतात."

"घरच्या माणसांचे कसले पत्ते?"

आदल्या दिवशी डॉक्टर दारात बूट घालता घालता म्हणाले होते, ओळखतायत तोवर ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. तेव्हापासून धाकटीनं ध्यासच घेतला होता. आतल्या खोलीत बाबा दिवसाचा एक तासही एकटे पडायला नकोत. रडत बसण्यापेक्षा हे बरं, असंही तिला वाटत होतं. रडायला ती घाबरत होती.

शेवटी तिनं एक फॉर्म्युला लावला. तक्त्यातलं प्रत्येक नाव फोनमधल्या नावांशी जुळवायचं आणि त्याच्यापुढे त्याचा पत्ता आणायचा. आत्यापुढे आत्याचा पत्ता आला, काकूपुढे काकूचा, दादापुढे दादाचा. रकान्यांची नावं दोन-चार वेळा बदलून बघितली, तेव्हा कुठे कॅलेंडरनं माणसं घेतली. सगळ्यांना आमंत्रण पाठवायचं का, असं त्यानं विचारलं. तिनं 'हो' दाबलं आणि पाठ टेकली.

मग सहज म्हणून तिनं वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि मंगळवारवर ती अडली.

"आई, मंगळवारी दाढीला दादा, असं सांगितलंस ना? दादा कोण?"

"कोण म्हणजे? माझा दादा. तुझा मामा. दर मंगळवारी तोच तर करतो."

धाकटीच्या फोनमध्ये मामा 'मामा' होता. दादा म्हणजे तिचा दादा, थोरला भाऊ. ज्याला बाबांनी घराबाहेर काढलं, आणि त्यानंतर ज्याचं नाव कुणी काढलं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवत, तो. तिनं पडदा आईकडे वळवला.

"त्याला गेलं?" आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "मग घे ना परत."

"घेता येईल. पण मग 'रद्द' झालं म्हणून त्याला कळणार. तसं पत्रच जातं."

"एकदा जा म्हणून सांगून झालंय त्याला," आई म्हणाली. "आता पुन्हा नको."

तेवढ्यात फोन वाजला. दादाचाच होता. धाकटीनं तो स्पीकरवर टाकला, कारण कानाला धरायचा धीर होईना.

"मंगळवारी सकाळी बाबांची दाढी, असं आलंय मला," तो म्हणाला. कशी आहेस नाही, काही नाही. "तू पाठवलंस?"

थाप मारता आली असती. बाबांनीच बोलावलंय, एवढं म्हटलं की झालं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा.

"चुकून गेलं रे. आईनं दादा सांगितलं ते मामासाठी. मी तुझा पत्ता लावला."

आपल्या खरं बोलण्याचा तिला मनस्वी राग आला.

"कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"उजवा हात गेलाय. त्यांचं बोलणं फारसं कळत नाही. माणसं ओळखतात अजून."

"मला ओळखतील?"

"ओळखतील," धाकटी म्हणाली. "त्याचीच भीती वाटते."

तो हसला की काय, ते तिला नीट कळलं नाही. मग म्हणाला, "मी 'येतो' दाबलंय. आमंत्रण आलं तसं लगेच. चुकून असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही."

धाकटीनं आईकडे पाहिलं. आईनं हातातली घडी पुरी केली, रुमाल बाकीच्यांवर ठेवला आणि फोनपासून तोंड वळवून, कुणालाच उद्देशून नाही अशी, म्हणाली, "मामाला मी सांगते, या मंगळवारी येऊ नकोस म्हणून."

"ऐकलंस?" धाकटीनं विचारलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "एक काम करशील? यात माझ्या नावापुढे 'ऐच्छिक' असं लिहिलंय. म्हणजे नाही आलो तरी चालेल."

तिनं पडद्यावर पाहिलं. खरंच होतं. माणसं कॅलेंडरमध्ये आली होती ती ऐच्छिकच्या रकान्यातून.

"अरे, ते सगळ्यांच्याच पुढे आहे. फाईल चढत नव्हती म्हणून मी..."

"सगळ्यांच्या पुढे असू दे," दादा म्हणाला. "माझ्यापुढचं तेवढं बदल."