शेवटच्या फेरीत

‘‘काका, हा बॅनर खाली घ्या.’’

संपत शिडीवर चढून दोरी आवळत होता. त्यानं खाली पाहिलं. वैजयंती एकटीच उभी होती. तिच्या सत्काराला अजून अर्धा तास अवकाश होता.

‘‘का गं? फोटो चांगला न्हाई आला?’’

बॅनर दहा फुटी होता. वर ठळक अक्षरांत ‘पदक हिसकावलं, पण मनं जिंकली!’ आणि खाली टीव्हीवरून घेतलेलं चित्र. आशियातल्या देशांची स्पर्धा, पाच हजार मीटरची शर्यत, शेवटची फेरी. निमगाव सावाची वैजयंती तिसऱ्या नंबरावर, आणि तिच्या खांद्यावर कझाकस्तानच्या मुलीचा हात. त्या हाताभोवती संपतनं मुद्दाम लाल गोल काढून घेतला होता.

संपतचं स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान. सगळं गाव क्रिकेटवेडं, हा एकटा पळण्याचा वेडा. वैजयंती शाळेत होती तेव्हापासून तिची शर्यत त्यानं चुकवली नव्हती. पुण्याला गेला, नाशिकला गेला, एकदा तर मोटारसायकलवर साताऱ्याला. परदेशात जाणं जमलं नाही म्हणून ही शर्यत दुकानातल्या टीव्हीवर बघितली. वैजयंती पडली आणि हिंदी निवेदक ‘साजिश, साजिश’ म्हणून ओरडायला लागला. पुढं दहा दिवस तेच चाललं. धक्का देणाऱ्या त्या मुलीवर बंदी घाला, अशी मोहीमच एका चॅनेलनं उघडली. संपतनं घरोघर फिरून चारशे बारा सह्या गोळा केल्या. तो कागद आज स्टेजवर, कॅमेऱ्यासमोर, चॅनेलच्या माणसाच्या हातात द्यायचा होता.

‘‘तिनं मला ढकललं न्हाई,’’ वैजयंती म्हणाली.

संपत खाली उतरला.

‘‘मीच आत घुसले. जागा नव्हती, पण वाटलं, निघंल. माझा पाय तिच्या पायात गेला. तिचा तोल गेला, म्हणून तिनं हात टाकला. तेवढाच हात सगळीकडं दाखवतात.’’

‘‘मग इतके दिवस बोलली का न्हाईस?’’

‘‘कुणी विचारलं का? शर्यत संपली तसा माईक तोंडापुढं आला. ‘तिनं धक्का दिला तेव्हा काय वाटलं?’ मला रडूच फुटलं. ते रडणं दाखवत बसले. नंतर फोनवर एका चॅनेलवाल्याला सगळं नीट सांगितलं. त्यानं तेवढंच कापलं.’’

मैदानावर लोक जमायला लागले होते. कुणीतरी लांबूनच वैजयंतीला हात केला. तिनंही केला. संपत आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘माझं ऐक. आज गप बस. हीच लोकं उद्या तुला लबाड म्हनतील. पंधरा दिवसांनी कुनाच्या ध्यानात बी राहनार न्हाई.’’

‘‘लोक विसरतील, काका. तिच्यावर बंदी आली तर ती कसं विसरंल?’’

मागं एकदा घोटा दुखावला तेव्हा वैजयंतीला आठ महिने पळता आलं नव्हतं. रोज सकाळी ती त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसायची आणि नुसती रस्त्याकडं बघायची. चहा द्यावा तर तो निवून जायचा. संपतला ते आठवलं. तो पुन्हा शिडीवर चढला आणि त्यानं आवळलेल्या दोऱ्या एकेक करून सोडल्या.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. सरपंच दादाभाऊंनी फेटा बांधला, शाल दिली. चॅनेलचा माणूस कॅमेरा घेऊन पुढं बसला होता. सूत्रसंचालन संपतकडं होतं. आता सह्यांचं निवेदन वाचायची वेळ आली. त्यानं खिशाकडं हात नेला आणि तसाच परत आणला. माईक वैजयंतीपुढं धरला.

‘‘वैजयंती, त्या दिवशी काय झालं ते तूच सांग. तुला आजवर कुणी विचारलं न्हाई. मी बी न्हाई.’’

तिनं सांगितलं. काहीही न लपवता, मघाशी सांगितलं तसंच.

मैदानावर कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतली चार-पाच पोरं उठून चालती झाली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद करून मांडीवर घेतला. दादाभाऊ संपतच्या कानाशी लागले. ‘‘आरं, काय केलंस हे? आख्ख्या गावानं सह्या दिल्यात राव.’’

‘‘पयली सही माझीच हाये, भाऊ,’’ संपत म्हणाला.

वैजयंती खाली मान घालून उभी होती. तिला बसायला कुणी सांगेना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तिची आई गोजरबाई उठली. पदर सावरत स्टेजपाशी आली. पोरगी परत आल्यापासून घरात माणसांची रीघ लागलेली. दोघींना निवांत बोलायला मिळालंच नव्हतं. आपण चारचौघांत बोलतोय, मुलीपुढं माईक सुरू आहे, याचं तिला भान नव्हतं.

‘‘वैजू, मला एक सांग. टीव्हीत तू पडलेलीच दिसायचीस. उठताना कधी दिसलीच न्हाईस. माझा जीव तिथंच अडकलाय बघ. एवढ्या लांब, आपलं मानूस न्हाई कुनी. तुला उठवलं कुनी गं?’’

‘‘तिनंच, आई.’’