चौथी थाप

सुकापूरच्या भजनी मंडळाने दाजीला काढून टाकलं. तसं काही झालंच नाही अशा थाटात दाजी पुढच्या एकादशीला ढोलकी घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

"दाजी, चौथी थाप आजबी खाल्लीस ना, तर ढोलकी इहिरीत टाकीन," तुळशीरामबुवांनी दम भरला.

"तिथं थाप नसतेच, बुवा."

दाजीचं शिक्षण घरच्या उखळापाशी झालं होतं. पन्नाशीत त्याने पनवेलच्या बाजारातून ढोलकी आणली, तेव्हा बायको, भामा, भात कांडता कांडता म्हणाली होती, "माज्या मुसलावर ताल धर, नायतर गप बस." भामा तीन घाव घालायची आणि चौथ्याला उखळात हात घालून भात सारायची. तेवढ्यात मुसळ खाली आलं असतं, तर बोटंच गेली असती.

भामा जाऊन वर्ष झालं. तरी त्या एकादशीलाही चौथ्या थापेला दाजीचा हात वरच राहिला आणि सगळे टाळकरी एकमेकांवर आपटले.

दुसऱ्या दिवशी दाजीने शाळेतल्या मास्तरांकडून मंडळाला अर्ज लिहून घेतला. "तरी मेहेरबान बुवांकडून चौथी थाप कैलासवासी भामा हिच्या हातासाठी कायम मोकळी ठेवण्याचा हुकूम व्हावा, ही नम्र विनंती."