कादंबरीवरचा ठराव

नवऱ्यानं टाकून दिलेल्या बाईची ती जुनी, नावाजलेली कादंबरी शाळेच्या कपाटातून काढायचा ठराव समितीच्या बैठकीत मंजूर झाला. शरयू मॅडम एकट्याच भांडल्या. "पुस्तक उघडून तरी पाहिलंय का कुणी?" असं त्यांनी विचारलं, तरी बाकी सगळ्यांचे हात ठरावाच्या बाजूनंच वर गेले.

बैठक सुटल्यावर त्यांनी अध्यक्ष रामेश्वरभाऊंना व्हरांड्यात गाठलं. मूळ तक्रार भाऊंचीच होती.

"भाऊ, तुमच्या काजलला हे पुस्तक मी माझ्या हातानं दिलं होतं. किती जीव लावून वाचते ती पोर! आणि तुम्ही न वाचताच बंदी घालता?"

"वाचली मॅडम. दोन खेपा वाचली," रामेश्वरभाऊ हळूच म्हणाले. "खोटं काईच लिहेल नाई त्यात."

"मग काढायला का लावली?"

भाऊंनी मैदानावर खेळणाऱ्या पोरींकडे पाहिलं.



"पोरगी वाचून उठली अन् मले इचारते, 'बाबा, आई मेली म्हन्ता, मंग तिच्या फोटोले हार काऊन नाई?'"