गजेंद्रचा विनोद

"आमचा गजेंद्र तर एका पायावर तयार आहे," शिवम म्हणाला आणि बैठकीत मुलीकडचं कोणीच हसलं नाही.

आचलचं अकोल्यातलं घर. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. तिच्या वडिलांनी, महादेवरावांनी, एवढंच विचारलं होतं की जुळलं तर लग्न दिवाळीआधी धरायचं का. गजेंद्रला परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं होतं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. हे त्यानं स्थळाच्या पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. तरी त्यांनी बोलावलं होतं.

आपलं काय चुकलं, हे शिवमला कळेना. विनोद त्याचा नव्हताच. नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यात दोघं एकाच खात्यात होते. ओव्हरटाइमला कोण थांबतं, असं साहेबानं विचारलं की गजेंद्र स्वतःच हात वर करायचा, "मी एका पायावर तयार." सारं खातं हसायचं. रस्त्यात कुत्रं अंगावर आलं की तो कृत्रिम पाय पुढं करून म्हणायचा, "घे, याले चाव." त्याच्यामुळं शिफ्ट कशी निघून जायची ते कळायचं नाही.

आताही गजेंद्र हसला. नेहमीसारखाच, मोठ्यानं. खोलीत तो एकटाच हसत होता. आपलंच हसणं कानावर पडलं तसा तो थांबला.

महादेवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्या दोस्ताले काई समजते का नाई?"

शिवमनं मान खाली घातली.

"त्याले काई म्हणू नका," गजेंद्र म्हणाला. "जोक माहाच हाय. त्यानं नुसता सांगितला."

आचलची आई उगाच ट्रे उचलून आत गेली. आचल इतका वेळ खाली पाहत होती. तिनं पहिल्यांदाच गजेंद्रकडं सरळ पाहिलं.

"पयल्यांदा कधी केला होता?"

"दवाखान्यात. शुद्धीवर आलो त्याच दिवशी."

"काहून?"

गजेंद्रला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"लोक भेटाले येऊन राहिले होते. म्हटलं, दुसऱ्या कोणी कराच्या आत आपणच करून टाकू."

आचलनं मान हलवली.

"कारखान्यात करत जा," ती म्हणाली. "आपल्या घरी नाई केला तरी चालन."