तूदाच्या दारातलं रडणं

मोरोक्कोतलं ते मातीच्या घरांचं गाव सिनेमात कधी बगदाद झालं, कधी जेरुसलेम. आणि दर खेपेला मेलेल्या पोरावर ऊर बडवून रडायला गावच्या तूदालाच बोलवायचे. आज तर चित्रीकरण तिच्याच दारात होतं. तरी सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. आत जाई, बाहेर येई, कपडेपटानं हातात दिलेला सदरा झटकून पुन्हा पुन्हा घडी घाली.

माणसं जमवून देणारा बस्सू मेटाकुटीला आला.

"मावशी, तिकडं दिग्दर्शक माझ्या नावानं खडे फोडतोय. सोपं तर आहे. पोराची बोट समुद्रात बुडाली असा निरोप येतो, तू सदरा उराशी धरून टाहो फोडायचा."

"प्रेत कुठंय?"

"प्रेत नाही. नुसता सदराच."

"मग दुसरी कुणीतरी बघ."

बस्सूनं आवाज खाली आणला. तूदाचा मुलगा इद्दर बोटीनं स्पेनला निघाला त्याला तीन वर्षं झाली आणि अजून त्याचा फोन नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"सिनेमा आहे गं हा. आजवर पन्नास पोरांवर रडलीस की. या एकापाशीच काय अडलं?"

तूदानं सदरा त्याच्या हातात कोंबला.

"बाबा रे, त्या पन्नासही पोरांना मी मागाहून उठून जेवायला जाताना बघितलंय."